धावत्या कॅमेऱ्याला स्वतःची जागा कशी कळते? मंगळापासून गावठाण मोजणीपर्यंत

बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीला निघालेल्या बसमध्ये खिडकीजवळ बसलं की रस्त्याकडेची झाडं भर्रकन मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. बस वळली की जवळचं-लांबचं सगळंच एकदम बाजूला सरकतं. समोरचा रस्ता न पाहताही बस सरळ चाललीय की वळतेय, हे प्रवासी सांगू शकतो. व्हिडिओ पाहून कॅमेरा कसा हलला हे शोधणारं तंत्र याच गोष्टीवर उभं आहे.

संगणक एका चित्रातले ठळक ठिपके निवडतो : खिडकीचा कोपरा, दगडाची कड, कौलाचं टोक. पुढच्या चित्रात तेच ठिपके कुठे गेले ते बघतो आणि उलटा हिशेब मांडतो. ठिपके जागेवरच होते असं धरलं, तर कॅमेरा किती सरकला, किती वळला असेल? मध्येच एखादी म्हैस चालत गेली तर तिच्यावरचे ठिपके बाकीच्यांशी जुळत नाहीत. मग बहुमत घ्यायचं, म्हैस बाद.

मोबाइलवर हात हलला तरी व्हिडिओ स्थिर दिसतो, त्यात हीच युक्ती असते (जोडीला फोनमधले सेन्सरही). त्या बदल्यात चित्राच्या कडा थोड्या कापल्या जातात.

अडचणी दोन. एकाच कॅमेऱ्याला मापाचा अंदाज नसतो; समोरचं घर खरं की खेळण्यातलं, हे नुसत्या चित्रांवरून ठरत नाही. दुसरी अडचण खातेवहीची. प्रत्येक चित्राचा हिशेब आधीच्या चित्रावर बेतलेला, म्हणजे 'मागील पानावरून पुढे'. एका पानावर बेरीज चुकली की चूक पुढे ओढली जाते.

याचा अनुभव मंगळावर आला. नासाचं इन्जेन्युइटी हे १.८ किलोचं हेलिकॉप्टर तिथे जीपीएसविना उडायचं. खाली रोखलेला कॅमेरा सेकंदाला ३० चित्रं घ्यायचा. २२ मे २०२१ च्या सहाव्या उड्डाणात एक चित्र हरवलं आणि पुढच्या चित्रांवर चुकीच्या वेळेचा शिक्का पडू लागला. हेलिकॉप्टर वीस अंशांहून जास्त झुलत राहिलं, तरी सुखरूप उतरलं. १८ जानेवारी २०२४ च्या ७२ व्या उड्डाणात तेवढं नशीब नव्हतं. खाली सगळीकडे सारखीच वाळू, ओळखीचे ठिपके पुरेसे मिळेनात. वेगाचा अंदाज चुकला, उतरताना जोरात आदळून पाती मोडली. मूळ बेत पाचच उड्डाणांचा होता, हेही खरं.

चंद्रावरही जीपीएस नाही. म्हणून चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवर आडवा वेग मोजण्यासाठी खास कॅमेरा होता, तो बेंगळुरूच्या इस्रोच्या लिओस प्रयोगशाळेत तयार झाला.

या तंत्राशी सीमाभागातल्या लोकांचा सगळ्यात जवळचा संबंध येतो तो घराच्या हद्दीचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत महाराष्ट्र, कर्नाटक, मध्य प्रदेश ही राज्ये पहिल्या टप्प्यातच होती. गावठाणावरून ड्रोन फिरतो, एकमेकांवर चढणारे फोटो घेतो. प्रत्येक फोटोच्या वेळी कॅमेरा नेमका कुठे होता, हे ठिपके जुळवून काढलं जातं आणि त्यावरून नकाशा तयार होतो. मापाची अडचण इथे जीपीएस आणि जमिनीवरची संदर्भ केंद्रं सोडवतात.

पण दोन घरांमधली हद्द हवेतून दिसत नाही. त्यासाठी उड्डाणाआधी चुन्याची फक्की मारतात. ती हातभर सरकली तर नकाशात आणि पुढे प्रॉपर्टी कार्डावरही हद्द तेवढीच सरकणार. त्यामुळे फक्की मारताना दोन्ही शेजाऱ्यांनी हजर राहावं, आणि नकाशा पडताळणीला आला की हरकत तेव्हाच लेखी द्यावी.