उमेदवारीचा पहिला महिना

संगणकशास्त्राचा विद्यार्थी शेवटल्या वर्षीं पुण्यातील एखाद्या सॉफ्टवेअर कंपनींत उमेदवारीस लागला, कीं घरांतील वडील मंडळींचा पहिला प्रश्न येतो, ‘पगार किती?’ आमच्या मतें खरा प्रश्न निराळा आहे. कॉलेजांत लिहिलेला प्रोग्राम परीक्षेपुरता जगतो; कंपनींत दुसऱ्यांनीं वर्षानुवर्षें लिहिलेला कोड आधीं वाचावा लागतो. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीं २००५ सालीं निर्माण केलेल्या गिटमध्यें कोणती ओळ कोणीं व केव्हां बदलली हें नोंदलेलें असतें, आणि नवागतानें केलेला बदल दुसऱ्यानें तपासल्यावांचून सहसा स्वीकारीत नाहींत.

फ्रेडरिक ब्रूक्स यांनीं १९७५ सालच्या ग्रंथांत दाखविलें कीं, रेंगाळलेल्या कामांत नवीं माणसें घातल्यास तें अधिकच रेंगाळतें; कारण त्यांना शिकविण्यांत जुन्यांचा वेळ जातो. सारांश, नवागत हा प्रथम ऋणकोच होय. अडलें तें लौकर विचारावें आणि सांगितलेलें टिपून ठेवावें, हीच त्या ऋणाची फेड. वर्गांत पहिला येणारा मुलगा नेमका येथेंच फसतो. अज्ञान उघडें पडेल ह्या भीतीनें तो दोन-दोन दिवस मुकाट बसतो, आणि काम तसेंच राहतें.

म्हणून वाचकहो, रात्रीं पानावर बसल्यावर मुलाला एवढेंच विचारा : ‘आज काय अडलें, आणि तें कोणाला विचारलेंस?’