लिनक्स कर्नलमधील फाइल-हाताळणी व बदलांचे परीक्षण

प्रस्तावना : कर्नल हा कार्यप्रणालीचा गाभा होय. फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी, याचा अंमल तोच करतो; म्हणून त्यातील प्रत्येक बदलाचे परीक्षण आवश्यक असते.

विवेचन : २०१६ मध्ये पाइपच्या बफरमधील फ्लॅग शून्य करावयाचा राहिला. त्या वेळी ही उणीव निरुपद्रवी होती. २०२० मध्ये, आवृत्ती ५.८ मध्ये, त्या फ्लॅगला नवा अर्थ मिळाला आणि केवळ वाचनाची परवानगी असलेल्या फाइलचा स्मृतीतील मजकूर सामान्य वापरकर्त्यास बदलता येऊ लागला. बिघडलेल्या लॉग फाइलींचा माग काढताना मॅक्स केलरमन यांना हा दोष आढळला. २०२२ मध्ये तो ‘डर्टी पाइप’ नावाने जाहीर झाला. दुरुस्ती अवघ्या दोन ओळींची होती.

निष्कर्ष : परीक्षकाने बदललेल्या ओळींवरच न थांबता, त्या ज्या मूल्यावर विसंबतात ते सर्वत्र निश्चित केले आहे काय, हेही तपासावे.