बॉयलर रानात, वर्ग परगावात

फाल्गुन-चैत्रात हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, कळमनुरीच्या शिवारातून गेलं की शिजत्या हळदीचा वास नाकात बसतो. बांधाजवळ चाकांवरचा बॉयलर उभा असतो. खाली जाळ, वर दाबाचा काटा. पाइपातून आलेली वाफ ड्रममधल्या कंदांवर सोडायची, काडी टोचून कंद शिजला का ते बघायचं, ड्रम पालथा करायचा, पुढचा भरायचा. बॉयलर सांभाळणाऱ्याचा एक डोळा सतत काट्यावर. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला थर्मोडायनॅमिक्सच्या तासाला जे फळ्यावर भेटतं, ते इथे दर हंगामाला रानात उभं असतं.

हिंगोलीत यंत्र असं नेहमी आधी पोचलं. ते शिकवणारा पदवीचा वर्ग मात्र दूरच्या शहरांत भरत राहिला आणि गावागावाने जवळ सरकत आला.

मेकॅनिकल नावापुरतं

पुण्यात १८५४ साली इंजिनिअरिंगचा वर्ग आणि मेकॅनिकल स्कूल सुरू झालं. नावात मेकॅनिकल असलं, तरी सरकारला हवे होते रस्ते, पूल आणि कालव्यांच्या कामावर देखरेख ठेवणारे कनिष्ठ कर्मचारी. पुढे हे कॉलेज मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं, तेव्हाही विद्यार्थी घडले ते स्थापत्याचे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या त्यांतलेच. नोकरी देणारं खातं बांधकामाचं होतं, म्हणून शिक्षणही बांधकामाचं. मुंबईत गिरण्या होत्या. तिथे १८८७ साली निघालेल्या व्हीजेटीआयने कापड आणि यंत्र हेच विषय हाती घेतले.

पुण्यात बी. ई. मेकॅनिकल ही पदवी आली १९१२ मध्ये. नेमक्या त्याच वर्षी पूर्णेहून निघालेली मीटरगेज हिंगोलीला पोचली. वाफेचं इंजिन दारात आलं, कापसाच्या गाठी रुळांवर चढल्या. पण हिंगोली निजामाच्या राज्यात आणि पुणे ब्रिटिश मुलखात. इथल्या मुलासाठी शिक्षणाची राजधानी हैदराबाद होती. तिथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि १९२९ मध्ये त्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय. शिक्षणाचं माध्यम उर्दू. घरी मराठी बोलणाऱ्या पोराला आधी भाषेची परीक्षा द्यावी लागे, मग गणिताची.

वर्ग जवळ येतो

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं. १९६० मध्ये तिथेच शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. पुढे चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहती वाढल्या, वाळूजला स्कूटर तयार होऊ लागल्या, आणि मेकॅनिकलच्या पदवीला मराठवाड्यातच गिऱ्हाईक मिळालं. नांदेडला, विष्णुपुरीत, श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झालं. आता वसमतच्या मुलाला सकाळच्या एसटीने कॉलेजला जाऊन संध्याकाळी घरी जेवायला येणं शक्य झालं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला.

या काळात कॉलेजांतल्या विभागाचं पोटही बदललं. मेकॅनिकल विभागाला इतरांपेक्षा मोठी जागा लागते ती वर्कशॉपमुळे. लोहारकाम, सुतारकाम, फिटिंग, टर्निंग असे एकेक शॉप. पहिल्या वर्षी व्हाइसमध्ये लोखंडी पट्टी आवळून कानशीने घासत बसायचं. हाताला फोड येतात, आणि पट्टी काटकोनात आहे का हे गुण्या लावल्यावरच कळतं. मिलिमीटर किती मोठा असतो, हे तिथे समजतं. वाफेच्या इंजिनावर उभा असलेला अभ्यासक्रम डिझेल इंजिन, शीतकरण असं करत पुढे सरकला. टी-स्क्वेअर जाऊन ड्राफ्टर आला, ड्राफ्टर जाऊन संगणकावरचं ड्रॉइंग. लेथशेजारी सीएनसी यंत्र बसलं. कानशी मात्र अजून आहे.

दुधाळ्याची पोकळी

आता औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळ्याला असं यंत्र येतंय, ज्याच्यापुढे मिलिमीटर अवाढव्य ठरेल. लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. बातम्यांत कृष्णविवरं असतात, पण वेधशाळेचा सांगाडा मेकॅनिकलचा आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटर लांब. एवढ्या लांबीत पृथ्वीची गोलाई मीटरभराहून अधिक भरते, त्यामुळे नळी जमिनीवर नुसती अंथरून चालत नाही. अमेरिकेतल्या लायगोची नळी १.२ मीटर व्यासाची आहे आणि तिचं स्टील जेमतेम ३ मिलिमीटर जाड. आतली हवा जवळपास सगळी उपसलेली, बाहेरून वातावरणाचा दाब, आणि किलोमीटरच्या किलोमीटर वेल्डिंगमध्ये सुईच्या अग्राएवढीही गळती नको. आतले ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकांना टांगलेले, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचा हादरा वरच्या वरच मरावा.

हिंगोलीत आज शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदवीसाठी मुलं अजूनही नांदेडची किंवा संभाजीनगरची वाट धरतात. त्यांतल्या एखाद्याने वडिलांच्या बॉयलरवर हंगाम काढलेला असेल, तर त्याला दुधाळा परकं वाटायचं कारण नाही. बॉयलरवाला जपतो ते आतली वाफ बाहेर जाऊ नये म्हणून. दुधाळ्याला जपायचं ते बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून. काटा दोन्हीकडे आहे, आणि त्याच्यावर डोळा ठेवणारा माणूसही दोन्हीकडे लागणार आहे.