दुखणं ज्याचं, बटण त्याचंच



गेल्या वर्षी सासूबाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि इथे अमेरिकेतच ऑपरेशन करावं लागलं. त्यांना खोलीत आणलं तेव्हा सलाईनच्या स्टँडवर एक पंप होता आणि हातात वायर जोडलेलं बटण. रात्री त्या झोपेतच कण्हल्या. मला राहवेना. मी बटण दाबायला हात पुढे केला, तर नर्सने तिथेच थांबवलं, "नो, ओन्ली द पेशंट!" तेव्हा रागच आला. पण तिने नंतर जे समजावलं ते आपल्या सगळ्यांना उपयोगी पडेल, म्हणून लिहिते आहे.

या पंपाला 'पीसीए' म्हणतात, म्हणजे रुग्णाने स्वतःच घ्यायचं वेदनाशामक. पंपात मॉर्फिनसारखं औषध कुलूपबंद असतं. बटण दाबलं की ठरवून दिलेला छोटासा डोस सरळ शिरेत जातो. मॉर्फिन असेल तर मोठ्या माणसाला बहुधा १ मिलिग्रॅमच्या आसपास. मग साधारण ६ ते १० मिनिटं पंप 'लॉक' होतो. तेवढ्या वेळात कितीदाही दाबलं तरी औषध येत नाही, पण दाबल्याची नोंद होते. ती पाहून डोस पुरतो की नाही हे डॉक्टरांना कळतं.

पूर्वी दर तीन-चार तासांनी इंजेक्शन मिळायचं. त्यात आधी तळमळ, मग गुंगी. थोडं थोडं औषध मिळालं की रक्तातलं प्रमाण समतोल राहतं. दुखणं आटोक्यात असलं की खोल श्वास घेता येतो, खोकता येतं, लवकर चालता येतं.

मग मी बटण दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? हे औषध जास्त झालं तर श्वास मंदावतो. पण त्याआधी बहुधा गुंगी येते. गुंगीतला माणूस बटण दाबत नाही, आणि औषध आपोआप उतरतं. खरं कुलूप हेच! झोपलेल्या माणसासाठी आपण बटण दाबलं की ते कुलूप आपणच तोडतो. इथल्या हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या 'जॉइंट कमिशन'ने डिसेंबर २००४ मध्ये नेमका याच चुकीबद्दल इशारा दिला होता.

आपल्या घरी कोणावर ही वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा:

१. आपल्या आई-वडिलांना सोसायची सवय असते. "उगाच कशाला औषध?" म्हणतात. ठणका असह्य होण्याआधी आणि उठून चालायच्या थोडं आधी बटण दाबायचं, हे त्यांना मराठीत नीट सांगा.

२. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा मागा. त्याचे पैसे पडत नाहीत.

३. झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, झोपेच्या गोळ्या, भारतातून आणलेली औषधं, सगळं डॉक्टरांना आधीच सांगा.

४. मळमळ, खाज, बद्धकोष्ठता होऊ शकते. लाजू नका, सांगा. पण माणूस हाक मारूनही नीट जागा होत नसेल किंवा श्वास फार मंद वाटला, तर ताबडतोब नर्सला बोलवा.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तू नुसती शेजारी बस." त्या दिवसापासून मी तेच केलं. मंडळी, तेही काम कमी नाही.