मुठीएवढ्या जिवाचा खाऊ

आज १२ एप्रिल. हॅमस्टर पाळणारे लोक जगभर हा दिवस त्याचा म्हणून साजरा करतात. आपल्याकडे परीक्षा संपत आल्यात, सुट्टी लागतेय आणि सुट्टीचं बक्षीस म्हणून पिंजरा घरी आणणाऱ्या आईबाबांची संख्या याच दिवसांत वाढते. सोबत मोबाइलवर हॅमस्टरसाठी केलेले इवले केक, नखाएवढे पिझ्झा यांचे व्हिडिओ फिरत असतात. २०१४ साली छोट्याशा टेबलावर चिमुकले बरिटो खाणाऱ्या हॅमस्टरचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला, तेव्हापासून ही हौस ओसरलेलीच नाही.

परवा शेजारची चौथीतली मुलगी दारात उभी राहिली. हातात वाटी. ‘मावशी, आजीने शेंगदाण्याचा लाडू केलाय. भुऱ्याला दिला तर चालेल?’ भुऱ्या म्हणजे तिचा हॅमस्टर. मी नाही म्हणाले आणि तिचा चेहरा उतरला. लाडू घरचा, आजीने मायेने केलेला, त्यात रंग नाही की रसायन नाही, मग नाही का? त्या प्रश्नाचं नीट उत्तर तिला द्यायचं राहून गेलं. ते इथे देते.

आधी वजनाचा हिशेब. दुकानात ‘सीरियन’ किंवा ‘गोल्डन’ म्हणून मिळणारा मोठा हॅमस्टर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा असतो. साठ किलोचा माणूस त्याच्या सुमारे पाचशे पट. एक शेंगदाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर त्याला तो आपल्याला पाव किलो शेंगदाण्यांसारखा झाला. ड्वार्फ हॅमस्टर तर जेमतेम तीस-चाळीस ग्रॅमचा. लिंबाएवढा लाडू त्याच्या स्वतःच्या वजनाइतका भरेल. लहान प्राण्याचं शरीर अन्न झपाट्याने जाळतं, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही. पण ‘एवढासा तुकडा दिला तर काय होतंय’ हे वाक्य किती चुकीचं आहे, ते यातून कळतं. सीरियन हॅमस्टरचं दिवसभराचं जेवण एका मोठ्या चमच्यात मावतं.

दुसरी अडचण गुळाची. हॅमस्टरच्या दोन्ही गालांत खांद्यापर्यंत जाणाऱ्या पिशव्या असतात. मिळालेलं अन्न तो त्यात कोंबतो आणि बिळात नेऊन साठवतो. साठेबाजीसाठीचं जर्मन क्रियापद ‘हामस्टर्न’ याच प्राण्यावरून आलं. गूळ, मध, पीनट बटर, चॉकलेट असं चिकट काही त्या पिशवीत गेलं तर आतल्या नाजूक त्वचेला चिकटून बसतं, कुजतं, गळू होतं. ड्वार्फपैकी कॅम्पबेल जातीत मधुमेहाची प्रवृत्ती दिसते, त्यामुळे त्यांना गूळ तर नाहीच, केळं-द्राक्षासारखी गोड फळंही टाळलेली बरी. थोडक्यात, आजीच्या लाडवातला शेंगदाणा निर्दोष आहे. नडतो तो गूळ आणि आकार.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण हॅमस्टरच्या आहाराचा विषय निघाला की मला फ्रान्समधल्या आल्सास प्रांताची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. घरचा खाऊ कसा असावा, याचं सगळं शहाणपण तिच्यात आहे.

युरोपच्या शेतांत एक मोठा रानटी हॅमस्टर राहतो. एकेकाळी तो इतका होता की शेतकरी त्याला पिकाचा शत्रू मानून मारायचे. २०२० साली तो ‘अतिसंकटग्रस्त’ प्राण्यांच्या यादीत गेला. त्याचं पुरेसं रक्षण केलं नाही म्हणून २०११ साली युरोपीय न्यायालयाने फ्रान्सला दोषी ठरवलं होतं. आल्सासमध्ये मैलोन्‌मैल मका उभा असतो. हॅमस्टरला तिथे खायला भरपूर होतं, तरीही तो संपत चालला होता.

स्ट्रासबुर्ग विद्यापीठातल्या संशोधक माटिल्ड टिसिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या माद्यांना वेगवेगळा आहार देऊन पाहिला. काहींना गहू, काहींना मका, आणि जोडीला क्लोव्हर किंवा गांडुळं. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात त्या बरसीमचा भाऊबंद, मेथीच्याच कुळातला. गव्हावरच्या माद्यांची बहुतेक पिल्लं दूध सुटेपर्यंत जगली. मक्यावरच्या माद्यांनाही पिल्लं तेवढीच झाली, पण त्या आयांनी ती जन्मताच मक्याच्या साठ्यात नेऊन ठेवली आणि खाऊन टाकली. त्या पिंजऱ्यात गोल गोल धावत होत्या, त्यांच्या जिभा काळ्या पडल्या होत्या.

काळी जीभ हाच दुवा ठरला. १९३७ साली अमेरिकेत कॉनराड एल्व्हेयम यांनी कुत्र्यांच्या ‘काळ्या जिभे’चा आजार नायसिनने, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाने, बरा होतो असं दाखवलं होतं. माणसातलं त्याचं रूप म्हणजे पेलाग्रा. त्यात त्वचा सोलते, जुलाब होतात, बुद्धी भ्रमते. मक्यातलं ब३ शरीराला सहजी न मिळणाऱ्या बांधलेल्या स्थितीत असतं, आणि शरीराला ते स्वतः तयार करायला लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्लही मक्यात कमी. आल्सासच्या माद्यांना मक्यासोबत ब३ दिल्यावर त्यांचं वागणं सुधारलं, पिल्लं वाचली. या प्रयोगाचा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्या आया क्रूर नव्हत्या, भरल्या पोटी उपाशी होत्या.

मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षं मका चुन्याच्या निवळीत शिजवत आल्या आहेत. त्यामुळे त्यातलं ब३ मोकळं होतं. मका युरोपात गेला, ही रीत तिकडे गेली नाही, आणि मागोमाग पेलाग्रा आला.

आपलं दख्खनही या गोष्टीपासून दूर नाही. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत, डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पेलाग्राचे रुग्ण भेटत होते ते ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांत. १९६०च्या सुमारास त्यांनी मांडलं की ज्वारीत ल्युसीन हे अमिनो आम्ल जास्त असतं, आणि शरीरातला ब३चा व्यवहार त्यामुळे बिघडत असावा. त्या मांडणीवर पुढे वाद झाले. पण दोष ज्वारीचा म्हणून बघू नये. ज्वारीच्या जोडीला डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी ज्याच्या ताटात होती त्याला भाकरीने कधी त्रास दिला नाही. मुठीएवढा उंदीरवर्गीय प्राणी असो की शेतमजूर, एकाच धान्यावर ठेवलेला जीव आतून पोखरला जातो.

आता आपल्या पिंजऱ्याकडे येऊ. दुकानातल्या सुट्या मिश्रणात मक्याचे पिवळे दाणे आणि सूर्यफुलाच्या बिया पुष्कळ असतात. हॅमस्टर त्यातलं आवडीचं वेचून खातो, बाकीचं तसंच राहतं, आणि ‘वाटी रिकामी झाली’ म्हणून आपण पुन्हा भरतो. मिश्र आहारातूनही तो स्वतःला एकसुरी आहार घडवून घेतो. म्हणून रोजचं जेवण सगळे घटक एकत्र दाबून केलेल्या गोळ्यांचं, म्हणजे पेलेटचं असावं. घरचा खाऊ त्यावरची चव आहे, दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

आणि तो करायला मराठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. दोन चमचे ओट्सचं पीठ, एक चमचा नाचणीचं पीठ, चिमूटभर तीळ, एक चमचा बारीक किसलेलं गाजर, मेथीची दोन-तीन पानं चिरून. लागेल तेवढंच पाणी घालून घट्ट मळा. हरभऱ्याएवढे गोळे चपटे दाबून टिकल्या करा आणि मंद आचेवर, कोरड्या तव्यावर, दोन्ही बाजूंनी आतपर्यंत खुटखुटीत होऊ द्या. मीठ, साखर, गूळ, तूप, तेल, सोडा काहीही नाही. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि आठवड्याभरात संपवा. सीरियनला दिवसाआड एक, ड्वार्फला अर्धी.

करायला वेळ नसेल तर राजगिऱ्याच्या किंवा ज्वारीच्या चार लाह्या, मोड आलेला एखादा मूग, काकडीची नखाएवढी चकती, कोथिंबिरीची काडी, भोपळ्याची एक सुकी बी. आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा वाटाण्याएवढा तुकडा. बिनमिठाचा अर्धा शेंगदाणाही चालतो, ब३ त्यात भरपूर आहे. फक्त खवट किंवा बुरशीचा वास येणारा दाणा टाकून द्या. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या, आणि विष्ठा पातळ झाली तर लगेच थांबवा. पातळ विष्ठा आणि ओली शेपटी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. एवढ्याशा शरीरातलं पाणी काही तासांत संपतं.

काय कधीच द्यायचं नाही तेही मुलांकडून पाठ करून घ्या. कांदा, लसूण, चॉकलेट, संत्रं-मोसंबी-लिंबू, कच्चा बटाटा, कच्चा राजमा, अ‍ॅव्होकाडो, सफरचंदाच्या बिया, टोमॅटोचा पाला, आणि आपल्या ताटातलं फोडणीचं काहीही.

उन्हाळ्याचा एक मुद्दा वेगळा सांगायला हवा. आपला हा पाहुणा, सीरियन हॅमस्टर, मूळचा सीरियातला. १२ एप्रिल १९३० रोजी जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इझ्राएल अहरोनी यांना अलेप्पोजवळ गव्हाच्या शेतात एक मादी आणि तिची पिल्लं सापडली. ‘काळा आजार’ या रोगावर संशोधन करणाऱ्या सहकाऱ्याला प्रयोगासाठी असा प्राणी हवा होता. त्या एका बिळातल्या मोजक्या भावंडांपासून आजचे जवळजवळ सगळे पाळीव सीरियन हॅमस्टर आले. ते बीळ सुमारे आठ फूट खोल होतं, म्हणजे या प्राण्याचं घर जमिनीखालच्या गारव्यात. आपण त्याला एप्रिलच्या पुण्यात, नागपुरात खिडकीशी ठेवतो. पारा तिशीपार गेला की तो बेजार होतो, आणि त्याने भुश्यात लपवलेली काकडी दुपारपर्यंत आंबते. म्हणून पिंजरा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात हवा, आणि ओला खाऊ दोन-तीन तासांनी शोधून काढायला हवा. कोरडी बेगमी मात्र सगळी उपसू नका, साठा दिसला नाही की तो अस्वस्थ होतो.

भुऱ्याच्या मालकिणीसोबत काल मी त्या टिकल्या केल्या. एक तिने त्याला दिली. त्याने ती दोन्ही पंजांत धरली, हुंगली, गालात ठेवली आणि भुश्यात शिरला. आजीचा लाडू आम्ही दोघींनी खाल्ला.

सुट्टीत तुमच्या घरी हॅमस्टर येणार असेल तर पिंजऱ्याबरोबर एक छोटा वजनकाटाही आणा. दर रविवारी मुलांच्या हातून वजन करून वहीत लिहा. खाऊ जास्त होतोय की कमी, हे तो काटा सांगेल. हॅमस्टर जगतो दोन-तीन वर्षं. तेवढ्या काळात त्याला किती खाऊ घातला, यापेक्षा किती जपून घातला, यावर त्याचं जगणं ठरतं.