डोंगराची माती, खाडीचं पाणी

जुलै महिन्यात महाडच्या बाजारपेठेत दोन चौकश्या चालू असतात. महाबळेश्वरला किती पडला आणि भरती कितीला आहे? खुद्द महाडात किती पाऊस झाला हे त्यानंतर. कारण या गावाला पूर येतो तो बहुतेक वेळा दुसरीकडे पडलेल्या पावसाने, आणि तो पसरतो ते समुद्राने वाट अडवली की.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. कृष्णा, कोयना, वेण्णा देशाकडे वळतात, ही घाट उतरून कोकणात येते. माथा साडेतेराशे मीटरच्या आसपास. पोलादपूर येईपर्यंत त्यातली जवळपास सगळी उंची संपलेली असते. पुढे नदी सपाट होते, महाडपाशी रायगडच्या बाजूने आलेली गांधारी तिला मिळते, थोडं खाली काळ नदी येऊन मिळते, आणि तिथून बाणकोटपर्यंत खाडीच खाडी. भरतीचं पाणी थेट महाडपर्यंत चढतं. म्हणजे घाटावरून धावत आलेलं पाणी महाडाला पोचतं तेव्हा समोरून उधाण येत असेल, तर त्याने जायचं कुठे? ते बाजारपेठेत शिरतं.

या भरतीवरच गाव वाढलं, हे मात्र विसरून चालत नाही. गलबतं भरतीबरोबर वर यायची, ओहोटीबरोबर उतरायची. गांधारपाल्याची बौद्ध लेणी सांगतात की ही वाट दीडएक हजार वर्षांहून जुनी आहे. रायगड राजधानी झाल्यावर पायथ्याजवळची पेठ म्हणून महाडचं वजन वाढलं. 1796 मध्ये नाना फडणवीस इथे असताना निजामाशी महाडचा तह झाला. 1802 मध्ये पुण्यातून पळालेला दुसरा बाजीरावही याच वाटेने किनाऱ्याकडे गेला. संकटात सापडलेल्या माणसाला समुद्राकडे घेऊन जाणारं गाव, अशी त्याची तेव्हाची ख्याती म्हणायला हरकत नाही. पुढे सडका झाल्या, खाडीत गाळ साठत गेला आणि गलबतं थांबली. गाळ मात्र साठतच राहिला. महाडच्या आपत्तींची कथा मला या गाळाभोवती फिरताना दिसते.

महाडचं नाव महाराष्ट्राला पाण्यामुळेच ठाऊक आहे, पण वेगळ्या पाण्यामुळे: चवदार तळ्याचा सत्याग्रह, 20 मार्च 1927. त्याच्या पुढच्याच वर्षी सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. तो 88 पावसाळे टिकला. शेजारी नवा पूल झाल्यावरही गोव्याकडून मुंबईला जाणारी वाहतूक या जुन्या पुलावरूनच चालू होती. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, आषाढी अमावास्येला, नदी फुगलेली असताना तो कोसळला. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं काळोखात नदीत गेली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. शोध खाडीभर आणि पुढे समुद्रकिनाऱ्यावर चालला. त्याच्या जागी दुसरा पूल 165 दिवसांत बांधून झाला आणि 5 जून 2017 ला सुरू झाला. या वेगाचं कौतुक झालं आणि ते योग्यही होतं. मात्र जुन्या पुलाकडे त्याच्या निम्म्या घाईने कुणी पाहिलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

आता दरडी. 2005 चा 26 जुलै म्हटलं की सांताक्रूझचा 944 मिलिमीटर पाऊस आठवतो. मुंबईच्या बातम्यांखाली महाड दबून गेलं. त्याच सुमारास महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर डोंगर आले. दीडशेहून अधिक माणसं गाडली गेली. यातलं दासगाव म्हणजे याच खाडीवरचं जुनं बंदर. त्याने पुराचं पाणी पिढ्यान् पिढ्या पाहिलं होतं, पण मरण पाठीमागच्या उतारावरून आलं.

सह्याद्रीच्या या उतारांची रचना अशी की खाली अखंड कातळ आणि वर झिजलेल्या दगडाचा, मातीचा थर. पाऊस पडत राहिला की पाणी थरात मुरतं, कातळावर येऊन अडतं, माती जड होते आणि तिची पकड सुटते. वरची झाडी गेली असेल किंवा उताराचा पायथा रस्त्यासाठी, घरासाठी कापला असेल तर हे काम लवकर होतं.

2021 मध्ये पूर आणि दरड एकाच दिवशी आले. 22 जुलैला दुपारनंतर महाड तालुक्यातल्या तळिये गावची कोंढाळकरवाडी डोंगराखाली गेली, ऐंशीहून अधिक माणसांसह. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. महाबळेश्वरला 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि आषाढी पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती, उंबरठ्यावर होती. महाडला सावित्रीची इशारा पातळी 6 मीटर, धोका पातळी साडेसहा. त्या रात्री या रेषांना अर्थच उरला नाही. बाजारपेठेतली दुकानं छतापर्यंत बुडाली, माणसं माळ्यावर आणि गच्चीवर चढली. रस्ते बंद, वीज नाही, फोन नाहीत. तळियेला मदत पोचायला उशीर झाला त्याचं एक मोठं कारण हा पूरच होता.

उधाण हे एकमेव कारण समजू नये. 2005 मध्ये पौर्णिमा होऊन चार-पाच दिवस उलटले होते, तरी गाव बुडालंच. महाडकर बोट दाखवतात ते दासगावजवळच्या कोकण रेल्वेच्या भरावाकडे आणि नदीत तयार झालेल्या बेटांकडे. भरावामुळे पूर्वी शेतांवर पसरणाऱ्या पाण्याला पुलाच्या गाळ्यांतून जाणं भाग पडतं आणि फुगवटा मागे गावात येतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. खाडीचं पात्र उथळ असेल तर अशा अडथळ्याची किंमत दुप्पट होते.

आणि पात्र उथळ का, याचं उत्तर पुन्हा डोंगरातच आहे. सुटलेली माती, दगडगोटे ओढ्यांतून नदीत उतरतात, उतार संपतो तिथे बसतात, भरती त्यांना पुढे जाऊ देत नाही. सरकारी कागदावर दरड वेगळ्या रकान्यात असते आणि पूर वेगळ्या. दरडीखालच्या मृत्यूंचे आकडे जपून ठेवले जातात. बाजारपेठेत भिजलेल्या मालाचे पंचनामे फायलीत जातात. सावित्रीच्या खोऱ्यात हे दोन रकाने एकाच मातीने जोडलेले आहेत.

2021 नंतर गावाने नेट लावला, आंदोलनं झाली, आणि सावित्री-गांधारीतला गाळ काढायला यंत्रं उतरली. हे काम उन्हाळ्यात, पाणी कमी असताना करावं लागतं. काढलेला गाळ नदीकाठीच टाकला तर पहिल्या मुसळधार पावसात तो परत पात्रात जातो, म्हणून तो दूर नेऊन टाकण्याचा खर्च मोठा. वरच्या उतारांवरचं काम याहून अवघड: तिथे पाणी काढून देणारे चर हवेत, कापलेल्या पायथ्यांना आधार हवा, आणि काही वाड्यांना आपली जागा सोडायला लागणार. जमीन, गोठा, देव्हारा आणि शेजार सोडून खाली यायला माणसं सहज तयार होत नाहीत. खाली म्हणजे कुठे, तर बऱ्याचदा पुराच्या पाण्याकडेच.