द्राक्षतोडणीचा मुहूर्त

आपल्या घरांवर आकाशकंदील लागतात, तेव्हा नापा आणि सोनोमा खोऱ्यांतली द्राक्षतोडणी जवळपास आटोपलेली असते. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तिकडे फिरवून आणणं हा आपल्यापैकी अनेकांचा परिपाठच. तिथला माहितगार ‘ब्रिक्स’, ‘टॅनिन’ असे शब्द भराभर बोलून पुढे सरकतो. खरं तर त्यामागचं रसायनशास्त्र आपल्या स्वयंपाकघरापासून फार दूर नाही.

ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने रसातली साखर. १०० ग्रॅम रसात २४ ग्रॅम साखर असेल, तर २४ ब्रिक्स. यीस्ट ही साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. पाव फुगतो तो याच वायूने. हिशेबाने १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. २४ ब्रिक्सच्या रसाची वाइन साधारण १३ ते १४ टक्के अल्कोहोलची होते.

मग द्राक्षं वेलीवर आणखी गोड होऊ द्यावीत की! अडचण अशी, की साखर चढते तसा आंबटपणा उतरतो. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उन्हाळ्यात झपाट्याने कमी होतं. आम्ल घटलं की वाइन सपक लागतेच, शिवाय नको त्या जंतूंना मोकळं रान मिळतं आणि त्यांना रोखणारा सल्फर डायऑक्साइडही कमी प्रभावी ठरतो. म्हणून वर्षभराची मेहनत तोडणीच्या दिवसावर अवलंबून असते. हवामान तापू लागल्यापासून हा तोल सांभाळणं अधिकच कठीण झालं आहे.

बाकीची किमया सालीची. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकटच असतो. रेड वाइनसाठी तो सालींसकट आंबवतात, तेव्हा त्याला रंग आणि टॅनिन मिळतं. चहा फार उकळला की जीभ ओढणारा तुरटपणा येतो, तो टॅनिनसारख्याच द्रव्यांचा. पुढे काही जिवाणू उरलेल्या मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल, म्हणजे दह्यातलं आम्ल करतात आणि वाइन मऊ होते.

हाच आंबट-गोडाचा तोल आपल्या नाशिकलाही साधावा लागतो. कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेल्या राजीव सामंत यांनी तिथे सुला वायनरी उभी केली. केरी डॅम्स्की या कॅलिफोर्नियातल्या वाइनतज्ज्ञाचं साहाय्य त्यांना लाभलं. तिथली तोडणी मात्र इथल्यासारखी ऑगस्ट ते ऑक्टोबरात होत नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करून द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये पिकवली जातात. तेव्हा पाऊस नसतो आणि हिवाळ्यातल्या थंड रात्री आम्ल टिकवायला मदत करतात.

पुढच्या खेपेला पाहुण्यांना घेऊन गेलात, तर माहितगाराला एवढंच विचारा: यंदा तोडणी कधी केली आणि त्या दिवशी आम्ल किती होतं? त्या उत्तरात पेल्यातल्या चवीचं बरंचसं कारण सापडेल.